वडिलांना बीपी आहे. बीपीवाल्यांच्या नसांमध्ये प्रथिनं जास्त बनतात असं वाचलं. मग मी डाळ-अंडी बंद करू का?

डाळ अजिबात बंद करू नका. तुम्ही वाचलंत ती प्रथिनं ताटातली नव्हेत. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी ती स्वतः घडवतात, त्यात मोठा वाटा कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा. दाब चढला की त्यांचं हे काम वाढतं, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि दाब आणखी चढतो.

आमच्याकडे हे आजोबांपासून आहे. मी अमळनेर तालुक्यातला. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंचेचाळिशीत बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. मोठे काका ओट्यावर बसून म्हणाले, "आपल्या घराण्याचं रक्तच तसं. वारशाला गोळी काय करणार?" बापू भावाच्या शब्दाबाहेर नव्हते. वैशाखात माय उडदाचे पापड लाटत होती, बापू खाटेवर बसून वाळवण राखत होते. हातातली काठी गळून पडली. "माले काय व्हयेल शे?" एवढंच, तेही जड जिभेने. धुळ्याला पोहोचेपर्यंत वाचा गेली. नंतर बंडीच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. दहातल्या चार घेतलेल्या, सहा तशाच, वरची तारीख कधीच उलटून गेलेली.

तेव्हापासून मी या विषयावरचं मिळेल ते वाचतो. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ साली उंदरांचा असा वंश पुढे आणला, ज्याला बीपी जन्मजात वारशानेच येतं. अशा उंदरांच्या धमन्यांत कोलॅजन जास्त बनतं, आणि बीपीची औषधं दिली की ते बनणं उतरतं. १९७४ साली हे छापून आलंय. म्हणजे वारसा असला तरी गोळी लागू पडते, अगदी नसेच्या भिंतीपर्यंत. काका साफ चूक होते.

तुम्हाला होईलच असं नाही, पण शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून आत्तापासून मोजत राहा. हात आखडायचा तो मिठावर. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात पापड, लोणचं, शेव सगळं धरायचं. पापडखारातही सोडियमच असतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

गेल्या दिवाळीला काकांच्या दंडाला मीच पट्टा बांधला. वरचा आकडा १७८ आला. मी गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात ठेवली, आणि पहिली गोळी घेईपर्यंत समोरून उठलो नाही.