पाण्यावर नको, रेतीवर भांडा

प्रश्न : भुसावळला आमचं 17 वर्षांचं घर आहे. शेजारी कॉम्प्लेक्ससाठी दोन तळघरांचा खड्डा खणलाय. तळातून पाणी-रेती उसळली, तेव्हापासून रात्रंदिवस पंप चालू आहेत. आमची बोअर आटली, भिंतीला तडे गेले. बिल्डर म्हणतो, ‘माझी जागा, माझं पाणी.’ स्टे मिळेल का?

उत्तर : भाऊ, बिल्डरचं अर्धं म्हणणं खरं आहे. 1882 च्या ईझमेंट ॲक्टच्या (जमीन आणि शेजाऱ्यांच्या हक्कांच्या कायद्याच्या) कलम 7 प्रमाणे, ठरावीक प्रवाहात न वाहणारं भूजल मालक आपल्या हद्दीत उपसू शकतो. म्हणून बोअरचं रडगाणं दाव्यात मागेच ठेवा.

रेतीचं तसं नाही. शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा तुमच्या जमिनीचा हक्क त्याच कलमात आहे. घराच्या वजनासाठीचा आधार मात्र कलम 15 प्रमाणे 20 वर्षांनी पक्का होतो, म्हणजे तुमची 3 वर्षं कमी पडतात. बिल्डरचा वकील हेच धरून बसेल. त्यावर उत्तर असं, की जमिनीखालची रेतीच पंपातून वाहून गेली, तर घर नसतं तरी जमीन खचलीच असती. इंग्लंडात 1899 मध्ये गॅस कंपनीच्या खोदकामावरून नेमका हा वाद झाला. काढलं ते पाणी नव्हे, ओली रेती, असं कोर्टाने धरलं. आपल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वाचून दाखवण्याजोगा आहे.

शिवाय हलगर्जीपणाची भरपाई आहेच. तापीकाठच्या गाळात चिकणमातीखाली दाबातल्या पाण्याची रेती सापडते. चिकणमाती पाण्याच्या जेमतेम दुप्पट जड. खालच्या पाण्याचा दाब 6 मीटर उंच पाण्याइतका असेल, तर तळाखाली 3 मीटरहून जास्त थर राखावा लागतो, नाहीतर तळ फुगून फुटतो. म्हणून आधी माती तपासायची, खड्ड्याबाहेर जाळीच्या बोअर घेऊन दाब उतरवायचा, नाहीतर रेती ओलांडून तिच्याखालच्या पाणी न झिरपणाऱ्या थरात रुतणारी भिंत घालायची. अशा उपशासाठी आयएस 9759 हे मानक 1981 पासून आहे. माती-तपासणीचा अहवाल कोर्टामार्फत मागा.

उद्याच दोन पंचांसमोर पंपाचं पाणी बाटलीत भरा. तासाभरात तळाशी रेती बसली, तर तोच तुमचा पहिला पुरावा. तड्यांवर प्लास्टरचे ठिपके लावून तारीख टाका; ठिपका तडकला, तर तडा वाढतोय हे दिसेल.

सरसकट स्टे मागू नका. उघडा खड्डा पावसाळ्यात तुमच्याच भिंतीला खाईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) आदेश 39 खाली पुढची खोदाई थांबवण्याची आणि रेती न येता दाब उतरवण्याची मागणी करा. त्याच संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली कमिशनर (कोर्टातर्फे जागेची पाहणी करणारा) म्हणून मातीतला जाणकार इंजिनिअर मागा.

तोवर त्या बाजूच्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.