भारतातील पहिले ग्रामीण सामुदायिक एफएम केंद्र कोणते आणि ते कसे सुरू झाले?

विद्यापीठाच्या आवाराबाहेर, खेड्यातल्या लोकांनी स्वतः चालवलेले देशातील पहिले परवानाधारक एफएम केंद्र कोणते आणि त्याचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. ते केंद्र म्हणजे तेलंगणातील माचनूर या गावचा ‘संघम रेडिओ’. १५ ऑक्टोबर २००८ रोजी ९०.४ मेगाहर्ट्झवर त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. मात्र तारीख सांगून थांबणे मला योग्य वाटत नाही. त्या दिवसापूर्वी सुमारे दहा वर्षे तिथला स्टुडिओ उभा होता, बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत होत्या, यंत्रसामग्री जागेवर होती आणि कमी होती ती फक्त सरकारी परवान्याची. वृत्तपत्रविद्येच्या वर्गात हा विषय शिकवताना मी सर्वाधिक वेळ याच दहा वर्षांना देतो आणि येथेही तेच करणार आहे.

माचनूर हे जहीराबादजवळचे गाव असून तो भाग पूर्वी मेदक जिल्ह्यात होता व आता संगारेड्डी जिल्ह्यात येतो. सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग जहीराबादवरूनच जातो आणि बीदरही तिथून जवळ आहे. मराठवाड्याप्रमाणेच हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमीन कोरडवाहू व हलकी. तिथे १९८३ पासून ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था काम करते. तिने गावोगावी गरीब, मुख्यतः दलित शेतकरी स्त्रियांचे संघ बांधले. पडीक जमिनी लागवडीखाली आणणे, ज्वारी, राळे, तूर, जवस यांची मिश्र पिके घेणे, घरचे बियाणे जपणे, रेशनच्या तांदळाऐवजी गावच्याच ज्वारीचे वाटप करणे अशी कामे या संघांनी वर्षानुवर्षे केली. तेलुगूत अशा गटाला ‘संघम’ म्हणतात आणि केंद्राचे नावही तेच आहे.

रेडिओची मागणी या कामातूनच आली. शेतीविषयक कार्यक्रम आकाशवाणीवर होते, परंतु त्यांतला सल्ला बहुधा संकरित बियाणे आणि रासायनिक खते वापरणाऱ्या, पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्यासाठी असे, आणि तो ज्या पुस्तकी भाषेत दिला जाई ती या बायकांच्या तोंडची भाषा नव्हती. ज्या बाईकडे दोन एकर माळरान आहे आणि त्यात दहा-बारा प्रकारची पिके एकत्र घेण्याचे ज्ञान आहे, तिला त्या कार्यक्रमांत विचारणारे कोणी नव्हते. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनचे निर्माते होते. माध्यमांची ताकद आणि त्यांतील उणीव या दोन्हींचा त्यांना जवळून परिचय होता. त्यांच्या पुढाकाराने आणि युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमारास माचनूरमध्ये स्टुडिओ उभा राहिला.

आता परवान्याचा प्रश्न. १८८५ च्या भारतीय तार कायद्यानुसार बिनतारी प्रक्षेपणाचा अधिकार सरकारकडे होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. हा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये पी. बी. सावंत होते, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. त्यांच्या या शब्दांचा आधार पुढे सामुदायिक रेडिओच्या प्रत्येक मागणीपत्राला मिळाला. १९९६ मध्ये बंगळूरला आणि जुलै २००० मध्ये माचनूरजवळच्याच पस्तापूर येथे या विषयावर बैठका होऊन जाहीरनामे निघाले. सरकारने मात्र आधी दार उघडले ते व्यापारी वाहिन्यांसाठी: एफएमच्या लहरींचा लिलाव झाला आणि जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिली खासगी वाहिनी सुरू झाली. लिलावात बोली लावणे शेतमजूर बायकांच्या संघाला शक्य नव्हते, हे सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ हे देशातील पहिले परिसर-केंद्र सुरू झाले. माचनूर तेव्हाही बाहेरच राहिले.

या काळात स्टुडिओ बंद पडला नाही, हे मला या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. गावातल्याच दोन तरुणी, दोघींचेही नाव नरसम्मा (एक ‘जनरल’ नरसम्मा, दुसरी अलगोल गावची नरसम्मा), ध्वनिमुद्रण व संपादन शिकल्या होत्या. त्या गावोगावी जाऊन बियाण्यांची निवड, कीड, जनावरांची दुखणी, बाळंतपणातली काळजी, सणवार यांविषयी जाणत्या बायकांना बोलते करत आणि खुरपणीची, पेरणीची गाणी मुद्रित करून घेत. हवेतून प्रक्षेपण करणे बेकायदा होते, म्हणून कार्यक्रमाच्या कॅसेट तयार होत आणि त्या संघाच्या बैठकीत नेऊन टेपरेकॉर्डरवर वाजवल्या जात. मध्यभागी टेपरेकॉर्डर, भोवती बसलेल्या बायका, कार्यक्रम संपला की त्यावर चर्चा आणि त्या चर्चेतून पुढच्या कॅसेटचा विषय, अशी ती पद्धत होती. श्रोत्यांचा इतका तत्काळ प्रतिसाद मोठ्या वाहिन्यांनाही मिळत नाही. प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा केंद्राकडे शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण आणि तयार कान असलेला श्रोतृवर्ग होता, तो याच सरावामुळे. परवाना मिळाल्यावर ‘आता लावायचे काय’ या प्रश्नाशी अनेक नवी केंद्रे झगडतात; माचनूरपुढे तो आला नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले आणि किमान तीन वर्षे काम केलेल्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येऊ लागला. अटी अशा होत्या: प्रक्षेपणाची परिणामी शक्ती साधारणतः १०० वॉटपर्यंत, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून, जाहिराती तासाला पाच मिनिटे, आणि बातम्यांना पूर्ण मनाई. त्यानंतरही मंजुऱ्यांमध्ये जवळपास दोन वर्षे गेली. १५ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ग्रामीण स्त्रियांचा दिवस असून तो २००८ मध्येच प्रथम पाळला गेला, आणि त्याच दिवशी संघम रेडिओ हवेत आला. प्रक्षेपणासाठी वेळ निवडली ती संध्याकाळची, कारण दिवसभर श्रोत्या शेतात असतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ हे केंद्रही सुरू झाले. दुष्काळी मुलखातील स्त्रियांच्या संस्थेने चालवलेले म्हणून ते माचनूरचे सख्खे भावंड मानायला हरकत नाही.

माझ्या मते बातम्यांवरील मनाई ही या धोरणातील सर्वांत मोठी त्रुटी आहे. गावच्या रेशन दुकानात धान्य आले नाही, ही माचनूरच्या बाईसाठी दिवसातील मुख्य बातमी असते आणि नेमकी तीच बातमी म्हणून द्यायला तिचे स्वतःचे केंद्र बांधलेले असते. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करण्याची मुभा मिळाली. तिने हा प्रश्न सुटत नाही, कारण दिल्ली-हैदराबादच्या बातम्या ऐकण्यासाठी या बायकांनी दहा वर्षे वाट पाहिली नव्हती.

डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. सतीश यांचे २०२३ मध्ये निधन झाले. आपण सोलापूर-हैदराबाद रस्त्याने संध्याकाळी जात असाल, तर जहीराबादच्या आसपास ९०.४ लावून पाहावे. म्हसवडचे केंद्रही याच आकड्यावर आहे: प्रक्षेपणाचा पल्ला काही किलोमीटरच असल्याने एकच लहर देशभरातील अनेक केंद्रांना देता येते, त्यामुळे आकडा सारखा दिसला तरी केंद्र वेगळे असू शकते.