नाही म्हणायची वही

"मॅडम, विचारायलाही लाज वाटते," असं म्हणून ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मी मनातल्या मनात भलत्याच गोष्टीची तयारी केली. तिने विचारलं, "मी मसाज थेरपिस्ट झाले तर लोक काय म्हणतील?"

वय एकोणचाळीस. चौदा वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात. नवरा, सासूबाई, शाळकरी मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहितेय ते तिला विचारूनच.) तिला स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करायचं होतं. गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने, रजोनिवृत्तीचा काळ, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्याच शरीरात परकं वाटणं, असं सगळं. अभ्यासक्रमाची माहिती तिने आठ महिन्यांपूर्वीच काढली होती. अर्ज मात्र भरला नव्हता. अडलं होतं ते मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर. त्यात 'आईचा व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे काय लिहायचं?

या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी बऱ्यापैकी येतात आणि बहुतेकींची सुरुवात याच वाक्याने होते. पैसे पुरतील का, चाळिशीत हात साथ देतील का, हे प्रश्न मागाहून येतात. आधी लाज.

मी तिला विचारलं, ही कल्पना आली कुठून? मग तिने ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सोळाव्या आठवड्यात तिचा गर्भ गेला होता. रुग्णालयातल्या लोकांनी आपलं काम नीट केलं, तिची तक्रार नव्हती. नंतर मान आणि खांदे असे आखडले की केस बांधणं जमेना. कुणीतरी एका मसाज थेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईने हात लावण्याआधी विचारलं, "इथे हात ठेवू का?" आणि ही टेबलावर पालथी पडून हुंदके देऊन रडली. "मॅडम, इतक्या महिन्यांत मला कुणी विचारून हात लावला नव्हता."

इथे मी एक चूक केली. ती हललेली पाहून मला तिची लाज घाईघाईने पुसून टाकावीशी वाटली, आणि मी तिला इतिहास सांगायला लागले. स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी शरीरव्यायामाची मोठी संस्था काढली, आज ज्याला स्वीडिश मसाज म्हणतात त्याचं श्रेय सहसा त्यांना देतात, पण घासणं, मळणं, थोपटणं या हातांना जी फ्रेंच नावं चिकटली ती नेदरलँड्सच्या योहान मेझगर या डॉक्टरमुळे, वगैरे. ती ऐकत होती. म्हणजे सभ्यपणे बसली होती. ज्या बाईला सासूबाईंच्या नजरेची धास्ती आहे तिला स्टॉकहोमचा काय उपयोग?

उठता उठता मी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही तशीच, ओघात. १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनच्या 'मसाज हाउस'बद्दल खळबळजनक मजकूर छापला. त्यातल्या कित्येक जागा म्हणजे वेश्याव्यवसायाचे आडपडदे होते. मसाज हा शब्दच बदनाम झाला. त्याच वर्षी चार प्रशिक्षित परिचारिकांनी मिळून 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूझेस' स्थापन केली. आज ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संस्था आहे तिचं मूळ या चौघींत. त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही. पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यायचा नाही, अपवाद फक्त डॉक्टरांनी खास सांगितलं तर. वैद्यकीय नियतकालिकांबाहेर जाहिरात करायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. पहिल्या पानावर मथळा होता, 'मी काय करणार नाही'. खाली पान कोरं.

"त्या चौघींनी आधी हेच लिहिलं ना?" ती म्हणाली. "मी आठ महिने मी काय काय करणार तेवढंच लिहीत होते. हे लिहायला बसले आणि एक ओळ सुचली नाही. मला कुणाला नाही म्हणताच येत नाही, मॅडम. ऑफिसात सगळ्यांचे उरलेले हिशेब माझ्या टेबलावर असतात."

पाच वर्षांच्या शिक्षणाने मला जे दिसलं नाही ते तिला एका रात्रीत दिसलं होतं. लोक काय म्हणतील ही भीती तिला होतीच. पण तिच्या खाली दुसरी होती: कुणी काही भलतं मागितलं तर मी त्याला अडवू शकणार नाही. ज्या बाईला स्वतःच्या 'नाही'वर भरवसा नाही तिला बंद खोलीत, अनोळखी माणसांसोबत, स्पर्शाचं काम करायला भीती वाटणं हा मला तरी शहाणपणाच वाटतो.

मग आम्ही ते कोरं पान भरायला घेतलं. चार-पाच महिने लागले.

तिच्या मनातलं मसाज केंद्र म्हणजे स्त्रियांच्या सगळ्या दुखण्यांवर एकच दार होतं. पाळीच्या तक्रारी, पीसीओएस (अंडाशय आणि हॉर्मोनचा विकार), थायरॉइड, मूल न होणं. 'समग्र आरोग्य' हा शब्द तिला फार आवडायचा. मला त्या शब्दाची थोडी धास्ती आहे, कारण त्याच्या पोटात काहीही मावतं. मी तिला सांगितलं की तुम्ही चांगल्या थेरपिस्ट झालात तर तुमच्या हाताने ताण उतरेल, आखडलेली पाठ सुटेल, काहींना त्या रात्री बरी झोप लागेल, काहींचं पाळीतलं दुखणं त्या दिवसापुरतं हलकं होईल. हे कमी नाही. पण अंडाशयातल्या गाठी हाताने विरघळत नाहीत आणि थायरॉइड पाठ रगडून ताळ्यावर येत नाही. 'शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढतो' हे वाक्य तर या धंद्यात सर्रास ऐकू येतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि व्यायामानंतरचं लॅक्टिक ॲसिड मसाजाची वाट न बघता तासाभरात आपलं आपण निघून जातं.

ती जरा हिरमुसली. मग मी एंडोमेट्रिओसिसचं सांगितलं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार. या आजाराचं निदान व्हायला अनेकींना वर्षानुवर्षं लागतात, कारण दर महिन्याचं असह्य दुखणं 'बायकांचं असतंच' म्हणून झटकलं जातं. अशी एखादी तुमच्याकडे आली, तुमच्या हाताने तिला दोन दिवस बरं वाटलं आणि ती दर महिन्याला येत राहिली, तर डॉक्टरकडे जाणं आणखी लांबवणाऱ्यांत तुमचाही नंबर लागेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वहीत लिहिलं, 'बरं करण्याचं वचन नाही. दुखणं दर महिन्याला असह्य असेल तर आधी डॉक्टर.'

अभ्यासक्रम निवडताना मात्र मी फारशी मध्ये पडले नाही, हिशेबातली बाई आहे, तिने तक्ता केला. या शिक्षणाचे नियम जागोजागी फार वेगळे आहेत: अमेरिकेत बऱ्याच राज्यांत परवान्यासाठी किमान ५०० तासांचं शिक्षण लागतं, न्यूयॉर्कमध्ये १,०००, आणि जगात अशा कित्येक जागा आहेत जिथे दोन दिवसांच्या वर्गाचं चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणीही कामाला लागू शकतं. मी तिला इतकंच विचारायला सांगितलं की देखरेखीखाली प्रत्यक्ष हात चालवण्याचे तास किती, आणि मसाज कधी करू नये हे किती दिवस शिकवता? दुसऱ्या प्रश्नावर एका ठिकाणी म्हणे गोंधळलेली शांतता पसरली. ते नाव तिने तिथेच खोडलं.

पैशाचं गणितही तिनेच मांडलं, आणि आधी चुकीचं मांडलं. दिवसाचे आठ तास गुणिले एका बैठकीचं मानधन. मी तिला या कामात मुरलेल्या दोघींना भेटून यायला सांगितलं. ती परत आली ती आठाचे चार करून. रोज तासाभराच्या चार, फार तर पाच बैठका. त्यापुढे अंगठा बोलायला लागतो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा हा या पेशाचा कच्चा दुवा. म्हणून चांगले थेरपिस्ट जोर अंगठ्यातून काढत नाहीत, कोपर आणि पालथा हात वापरतात, अंगाचं वजन पुढे झुकवतात, आणि टेबल इतकं खाली ठेवतात की शेजारी सरळ उभं राहिल्यावर मुठीची बोटं त्याला टेकावीत. उरलेला दिवस नोंदी, चादरी धुणं आणि फोन यांत जातो. ते गणित तिच्या पगाराच्या निम्म्यावर आलं. तिने नोकरी सोडली नाही. वर्षभर अर्धवेळ केली. मला विचाराल तर चाळिशीत मार्ग बदलणाऱ्यांसाठी हीच रीत बरी, पण हे सांगितलं की लोकांचा उत्साह मावळतो, म्हणून मी ते तिसऱ्या भेटीआधी सांगत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते फोनचं. ती फक्त बायकांसाठी काम करणार होती, तरी पुरुषांचे फोन येतातच, आणि त्यातले काही 'आणखी काय काय करता' असं विचारणारे असतात. मी तो फोन करणारा माणूस झाले. मला अभिनय अजिबात येत नाही, माझा आवाज ऐकून ती पहिल्यांदा हसलीच. पण उत्तर द्यायची वेळ आली की तिच्या तोंडून 'माफ करा हं', 'सॉरी, तसं आमच्याकडे जमत नाही', 'गैरसमज करून घेऊ नका' अशी माळ सुटायची. समोरचा घाण बोलतोय आणि माफी ही मागतेय. सहा-सात वेळा केल्यावर वाक्य उरलं ते एवढं: "इथे ते होत नाही." आणि फोन ठेवायचा. त्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने कुणाचा तरी उरलेला हिशेब परत त्याच्या टेबलावर ठेवला. हे तिने मला जाता जाता, दारात उभं राहून सांगितलं.

आणि मग तो प्रश्न, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता. "उद्या टेबलावर एखादी रडली आणि तिचंही सोळाव्या आठवड्यात गेलेलं असलं, तर?"

"तर मी तिला सांगेन की माझंही..." ती थांबली. "नाही. मग तिला माझी समजूत काढावी लागेल."

त्यानंतरच्या सहा भेटी करिअरच्या नव्हत्या. त्या तिच्या आहेत, इथे लिहीत नाही. वहीत त्यातून एक ओळ आली: 'माझी गोष्ट टेबलावर नाही.'

शिक्षणाच्या उत्तरार्धात, देखरेखीखालच्या सरावाला, तिच्यासमोर तीन आठवड्यांची बाळंतीण आली. पाठ भरून आली होती, पायही चोळून हवे होते. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, हाताला गरम, आणि दाबल्यावर दुखणारी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे किमान सहा आठवडे पायातल्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच वाढलेला असतो. चोळण्याने ती गाठ सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. हिने हात मागे घेतला, शिक्षिकेला बोलावलं आणि त्या बाईला तडक डॉक्टरकडे पाठवलं. बाई चिडली. तपासणीत गाठ निघाली नाही.

"मी उगीच घाबरवलं का तिला?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी अशीच पोटरी दिसली तर काय कराल?

"पुन्हा पाठवीन." मग जरा वेळाने, "ती पुन्हा चिडली तरी."

नवऱ्याची काळजी वेगळी होती, ती कुणाच्या घरी एकटी जाणार का ही. तिने त्याला वही वाचायला दिली. त्याने एकच दुरुस्ती सुचवली, संध्याकाळी सातनंतर घरी जाऊन काम नाही. तिने ती मान्य केली नाही; पहिली बैठक कधीच कुणाच्या घरी नाही, असं स्वतःचं लिहिलं. सासूबाईंचं मन वळलं असं मी सांगू शकत नाही. त्या अजून पाहुण्यांना 'ती ऑफिसात असते' असंच सांगतात. मुलीच्या फॉर्मवर तिने 'मसाज थेरपिस्ट' लिहिलं, शाळेतल्या कुणीही त्यावर काहीही विचारलं नाही, आणि याचंच तिला जरा वाईट वाटलं.

काम सुरू होऊन वर्ष झाल्यावर ती सहज भेटायला आली. दोन बायकांच्या नोंदी कशा ठेवायच्या यावर तिला बोलायचं होतं. गरोदर बायकांना ती कुशीवर, उशांच्या आधाराने झोपवते. दिवस भरत आले की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि भोवळ येते, हे ती मला आता शिकवते. बोलताना मी सारखी मान चोळत होते. चार दिवस धरली होती. मी अर्धं थट्टेत म्हटलं, "आता घरचीच थेरपिस्ट आहे म्हटल्यावर एक वेळ मलाही द्या."

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली, त्यावर एक फोन नंबर लिहिला आणि माझ्यासमोर सरकवला.

"या माझ्या सोबतच्या आहेत, हात चांगला आहे. मी नाही करणार, मॅडम. तुम्ही माझं सगळं ऐकलंय."