प्रश्न तुमचे : रोमन देवांना माणसाच्या वागण्याशी देणंघेणं होतं का?

गेल्या अंकात रोमन विनोदी नाटककार प्लॉटस याच्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत नाटकांपेक्षा देवाधर्माचेच प्रश्न जास्त आहेत. काहींची उत्तरं इथे देते आहे. एका प्रश्नात मी जरा जास्तच रमले आहे, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : सुरुवातीच्या लॅटिन साहित्यात पाप-पुण्याचा विचार सापडतो का? की देवाला बळी दिला की सगळं भागत असे?

'बळी दिला की भागलं' हे चित्र केटोच्या पुस्तकातून येतं. रोमन राजकारणी थोरल्या केटोचं शेतीवरचं पुस्तक साधारण इ. स. पू. १६० मधलं. पूर्ण स्वरूपात हाती आलेल्या लॅटिन गद्यात त्याच्याहून जुनं काही नाही. त्यात ऑलिव्ह आणि द्राक्षं लावायच्या सूचनांच्या मध्येच प्रार्थना येतात. देवराई विरळ करायची असेल तर काय करावं, हे केटो सांगतो : आधी डुक्कर बळी द्यायचं आणि म्हणायचं, 'तू देव असशील किंवा देवी असशील, ही राई ज्याची कुणाची असेल...' तिथे कोण राहतं ते माहीत नाही, म्हणून पत्त्याची जागा अशी मोकळी सोडलेली. पुढचं कलम वाचून मला दर वेळी हसू येतं. 'मी स्वतः किंवा माझ्या हुकमावरून दुसऱ्या कुणी हे काम केलं, तरी ते रीतसर झालं असं धरावं.' राईत खणायचंही असेल तर पुन्हा वेगळा बळी, आणि काम मध्येच थांबलं तर आणखी एक.

शेताभोवती डुकराचं पिल्लू, कोकरू आणि वासरू फिरवून मार्सला बळी द्यायचा विधीही त्यात आहे. मार्स म्हणजे युद्धाचा देव एवढंच आपण शाळेत शिकतो. इथे शेतकरी त्याच्याकडे दिसणारी आणि न दिसणारी रोगराई दूर ठेव, पीक वाढू दे, गुराखी आणि गुरं सुखरूप राहू देत, असं मागतो. आणि शकुन चांगला आला नाही तर? 'मार्स बापा, त्या डुकराने तुझं समाधान झालं नसेल, तर हे दुसरं डुक्कर प्रायश्चित्त म्हणून घे.'

या सगळ्यात यजमान खरं बोलतो का, शेजाऱ्याचा बांध कोरतो का, असं कुठेच विचारलेलं नाही. शब्द चुकू नयेत, जनावर बरोबर असावं, इतकंच.

आता प्लॉटसचं 'रुदेन्स' बघा. प्लॉटस इ. स. पू. १८४ मध्ये वारला, म्हणजे हे नाटक केटोच्या पुस्तकाच्या आधीचं. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीचा किनारा, वादळाची रात्र नुकतीच सरलेली. सुरुवातीला रंगमंचावर येतो तो चक्क एक तारा, आर्क्टुरस. तो सांगतो की रात्री आम्ही आकाशात असतो आणि दिवसा माणसांत फिरतो. देवांचा राजा ज्युपिटर, त्याने आम्हाला देशोदेशी नेमून दिलं आहे, कोण सचोटीने वागतो ते बघायला. न्यायालयात खोटी साक्ष देणारे, घेतलेलं कर्ज शपथेवर नाकारणारे, या सगळ्यांची नावं लिहून वर जातात. आणि मग ती ओळ येते, जिच्यासाठी मी हे नाटक विद्यार्थ्यांना वाचायला लावत असे : दुष्टांना वाटतं, देणग्या आणि बळी देऊन ज्युपिटरला खूश करता येईल. त्यांचे कष्टही फुकट आणि खर्चही फुकट.

दुसरं डुक्कर आणायला निघालेल्या शेतकऱ्याने हे ऐकलं असतं तर काय म्हणाला असता, कोण जाणे.

कुणी म्हणेल, हा विचार ग्रीकांचा. नाटकाचा मूळ लेखक डिफिलस हा ग्रीक, आणि प्लॉटस प्रस्तावनेतच त्याचं नाव घेतो. असेलही. पण तो लॅटिनमध्ये बोलला गेला तो रोमन प्रेक्षकांपुढे, आणि त्यांतल्या कितीजणांनी त्या महिन्यात एखादं कर्ज नाकारलं असेल!

प्लॉटसची खरी करामत पुढे आहे. मुलींचा सौदा करणारा लाब्राक्स एका तरुणाकडून विसार घेऊन, शपथ मोडून जहाजाने पळत असतो. आर्क्टुरस त्याचं जहाज बुडवतो. त्याची पेटी ग्रिपस नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात येते. ग्रिपस गुलाम आहे, सोनं मिळालं तर स्वातंत्र्य विकत घेईन म्हणतो. त्याचा मालक डेमोनीस त्याला सुनावतो की परक्याच्या वस्तूवर डोळा ठेवू नये. त्यावर ग्रिपस म्हणतो, असली शहाणपणाची वाक्यं मी नटांच्या तोंडून ऐकली आहेत, लोक टाळ्याही वाजवतात. मग जो तो आपापल्या घरी जातो आणि कुणीही तसं वागत नाही.

नाटकात नीतीचा उपदेश चालू असताना नाटकातल्या उपदेशाची अशी खिल्ली! तीही त्या माणसाच्या तोंडून, ज्याला सचोटीपायी हातातलं सोनं सोडावं लागतं. पुढे तोच ग्रिपस लाब्राक्सला व्हीनसच्या वेदीला हात लावून शपथ घ्यायला लावतो : पेटी परत मिळाली तर चांदीचा एक टॅलंट, म्हणजे मोठीच रक्कम, द्यायची. लाब्राक्स शपथ घेतो आणि पेटी मिळताच फिरतो. शपथ ही मालमत्ता राखण्यासाठी असते, घालवण्यासाठी नाही, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा पाप-पुण्याचा विचार आहे, पण मला तो प्रार्थनेत सापडला नाही. सापडला तो नाटकात, आणि तिथेही त्याच्या शेजारी एक हसणारा माणूस उभा असतो.

प्रश्न : केटोला नीतिमान म्हणतात. पण तोच म्हातारा झालेला गुलाम विकून टाकायला सांगतो. मग या प्रार्थना म्हणजे ढोंग नाही का?

ढोंग म्हणावंसं मला वाटत नाही, पण तो उतारा माझ्याही पचनी पडत नाही. मालकाने काय काय विकावं, याची यादी आहे ती : म्हातारे बैल, लोकर, कातडी, जुनी गाडी, जुनी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम, आणि आणखी जे काही जादा असेल ते. माणूस गाडी आणि अवजारांच्या रांगेत बसवलेला. पुढे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने केटोचं चरित्र लिहिताना यावर टीका केली. माझ्यासाठी राबलेला म्हातारा बैलसुद्धा मी विकणार नाही, असं तो म्हणतो.

केटोच्या घरात धर्म मालक करतो, सगळ्यांच्या वतीने. कारभारणीने त्याच्या किंवा मालकिणीच्या हुकमाशिवाय कुठलाही विधी करायचा नाही. ठरलेल्या दिवशी चुलीला हार घालून घरच्या देवाची प्रार्थना करायची, तेवढंच तिचं काम. कारभाऱ्याने ज्योतिषी आणि शकुन सांगणाऱ्यांच्या नादी लागायचं नाही. सणाच्या दिवशी बैलांना कोणती कामं लावता येतात, तेही आहे. खेचरं, घोडे आणि गाढवं यांना मात्र सुट्टी नाही, घरचाच काही सण असेल तर तेवढी.

नीती त्याच्याकडे वेगळ्या दाराने येते. पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात तो म्हणतो की आपल्या पूर्वजांनी चोराला दुप्पट दंड ठेवला आणि सावकाराला चौपट, म्हणजे सावकार त्यांना चोराहून वाईट वाटे. इथे देव नाही. पूर्वज आहेत आणि कायदा आहे. त्याच्याच काळातला कवी एनियसही म्हणतो की रोम उभा आहे तो जुन्या चालीरीतींवर आणि माणसांवर. त्या ओळीतही देव नाही.

जाता जाता : हाच केटो पुढे समुद्री व्यापारावर व्याजाने पैसे लावत असे, असं प्लुटार्क सांगतो.

प्रश्न : प्लॉटसच्या 'अँफिट्रुओ'त ज्युपिटर दुसऱ्याच्या बायकोकडे तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन जातो. धार्मिक उत्सवात असं नाटक चालत कसं असे?

चालत असे, कारण उत्सव बाटायचा तो विधीतल्या चुकीने. विधीत खोट राहिली तर खेळ पुन्हा भरवावे लागत. देवाला विनोदी सोंग दिल्याने काही बिघडत नसे.

पण तुम्ही त्या बायकोकडे, अल्कमीनाकडे बघा. नवरा तिच्यावर संशय घेतो, तेव्हा ती ज्युपिटरची आणि जूनोची शपथ घेऊन सांगते की तुझ्याखेरीज एकाही मर्त्य माणसाचा मला स्पर्श झालेला नाही. शब्दाला शब्द खरा! आलेला मर्त्य नव्हताच. तिला ते माहीत नाही, प्रेक्षकांना माहीत आहे. शपथ कुणाची, तर जो तिला फसवून गेला त्याची, आणि त्याच्या बायकोची. पुढे ती म्हणते की माझा खरा हुंडा म्हणजे शील, लाज, देवाचं भय, आईबापांवरचं प्रेम. देवाचं भय धरणारी ती, आणि देव हा असा. उरलेलं नाटक हसवतं, इथे मला हसू येत नाही.

देवांची थट्टा खपे, बड्या घराण्यांची नाही. नीव्हियस या कवीने मेटेलस घराण्याला टोमणे मारले आणि तो तुरुंगात गेला, असं परंपरा सांगते.

प्रश्न : एनियस नास्तिक होता का?

त्याच्या 'टेलामो' नाटकातल्या ओळींमुळे हा प्रश्न येतो. पात्र म्हणतं : देव आहेत असं मी नेहमीच म्हणत आलो आणि म्हणेन, पण माणसं काय करतात याची त्यांना फिकीर नसावी. असती तर भल्यांचं भलं झालं असतं आणि वाइटांचं वाईट, आणि तसं तर होत नाही. हे बोलणारा टेलामो हा ट्रॉयच्या युद्धातला वीर एजॅक्स याचा बाप, मुलगा गमावलेला. बापाचं दुःख कवीच्या खात्यावर मांडू नका. लक्षात ठेवण्यासारखं आहे ते रोमन वक्ता सिसेरो याचं म्हणणं, की या ओळींना प्रेक्षक जोरदार दाद देत.

प्रश्न : पहिला लॅटिन कवी सरकारसाठी स्तोत्रं लिहायचा, हे खरं का?

एक स्तोत्र तर नक्कीच. लिव्हियस आंद्रोनिकसने इ. स. पू. २४० मध्ये रोममध्ये पहिलं लॅटिन नाटक सादर केलं. इ. स. पू. २०७ मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून होता, त्याचा भाऊ फौज घेऊन येत होता आणि अपशकुनांच्या बातम्या थांबत नव्हत्या. पुरोहितांनी ठरवलं की २७ कुमारिकांनी स्तोत्र गात शहरातून जावं, आणि ते लिहायचं काम आंद्रोनिकसकडे आलं. तालीम चालू असतानाच अव्हेंटाइन टेकडीवरच्या जूनोच्या देवळावर वीज पडली. मग मिरवणूक निघाली : पुढे दोन पांढऱ्या गाई, मागे जूनोच्या सरूच्या लाकडाच्या दोन मूर्ती, त्यांच्यामागे लांब झग्यातल्या मुली. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, थांबून मुलींनी हातातून हातात एक दोर धरला आणि पायांच्या ठेक्यावर गात पुढे गेल्या. पुढे लेखक आणि नटांना एकत्र जमायला अव्हेंटाइनवरचं मिनर्व्हाचं देऊळ मिळालं, ते आंद्रोनिकसच्या मानासाठी.

मिरवणुकीचं सगळं इतिहासकार लिव्हीने बारकाईने लिहून ठेवलं आहे, दोरासकट. स्तोत्र मात्र दिलं नाही. तेव्हाच्या कानांना ते बरं वाटलं असेल, आता सांगितलं तर ओबडधोबड वाटेल, असं म्हणून त्याने ते गाळलं. मला याचा अजूनही राग येतो.