स्पर्धेत विनोदी फ्लोअर रुटीन चालतं का? (कोचचं अर्धं बरोबर आहे)

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी ११ वर्षांची आहे, तिला जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअरवर (मॅटच्या चौकोनावर उड्या आणि नाच करायचा तो प्रकार) काहीतरी गमतीदार, लोक हसतील असं करायचंय आणि कोच म्हणतायत की जज मार्क कापतील, नको. कोचचं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही. मी आधी बरीच वर्षं स्वतः जिम्नॅस्टिक्स केलं, मग शिकवलं, आणि गालामध्ये (म्हणजे मार्क नसलेल्या, नुसत्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात) दोन-तीन वेळा विदूषकगिरीही केली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तिची लेव्हल बघा. खालच्या बऱ्याच लेव्हल्सना रुटीन आणि म्युझिक दोन्ही ठरवून दिलेलं असतं, तिथे विषयच संपला, फार तर चेहऱ्यावर हसू ठेवता येईल. स्वतःचं रुटीन बसवायची मुभा असेल तरच पुढचं वाचा.

आता मुद्दा. लोकांना हसवणं वेगळं आणि आपलं हसं होणं वेगळं, आणि जिम्नॅस्टिक्समध्ये या दोन्हींच्या मधे फक्त १० सेंटिमीटरची जागा असते (बीम, म्हणजे जिच्यावर तोल सांभाळत कसरत करायची ती पट्टी, तेवढीच रुंद असते म्हणून म्हणतोय). विनोदाला नियमात बंदी नाहीये. बंदी नसली तरी चुकीला किंमत आहे, आणि जज तुमच्या मनात शिरून बघत नाही की ती चूक खरी होती का सोंग होतं. बीमवर डगमगलात की ०.१, ०.३ किंवा ०.५ गेले, पडलात की पूर्ण १ गेला, फ्लोअरच्या रेषेबाहेर एक पाय गेला की ०.१, दोन्ही गेले की ०.३. मुद्दाम केलं असं ओरडून सांगितलं तरी गेलेच.

हे मी अनुभवाने शिकलोय. लहान असताना एका क्लबच्या स्पर्धेत मी फ्लोअरवर सरळ हॅंडस्टॅंड करायच्या ऐवजी आधी मुद्दाम लटपटलो, डोळे मोठे केले, हॉलमध्ये मस्त हशा पिकला, मग छान स्थिर झालो आणि मनात म्हटलं काय टायमिंग आहे आपलं! स्कोअर आला तेव्हा लक्षात आलं की जजने लटपटणं लटपटणं म्हणूनच लिहून घेतलं होतं. मी तेव्हा खूप चिडलो होतो. आज मी त्या खुर्चीवर असतो तर तेच लिहिलं असतं, कारण नाहीतर प्रत्येक पडणारा पोरगा म्हणेल की सर, मी तर विनोद करत होतो.

म्हणजे कोच जिथे बरोबर आहेत ती जागा ही: स्पर्धेत चुकीचं नाटक करायचं नाही. पडण्याचं नाटक, विसरल्याचं नाटक, घसरल्याचं नाटक, सगळं गालासाठी ठेवायचं.

आणि जिथे चूक आहेत ती जागा म्हणजे मुलींच्या फ्लोअरला मुळात अभिनय मागितलेलाच आहे. रुटीन जास्तीत जास्त ९० सेकंदांचं, १२ बाय १२ मीटरचा चौकोन, म्युझिक सक्तीचं पण त्यात गाण्याचे शब्द नकोत. आणि कलात्मकता कमी वाटली, म्युझिक नुसतं मागे वाजतंय आणि मुलगी आपली एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळतेय असं दिसलं तर उलट त्याचे मार्क जातात. म्हणजे खोडकर पात्र घेऊन ते शेवटपर्यंत नीट निभावलं तर नुकसान दूर राहिलं, फायदाच आहे. पोरांच्या फ्लोअरला म्युझिकच नसतं, त्यामुळे तिथे असली मजा जवळपास शून्य, ही मला कायम खटकलेली गोष्ट आहे पण असो.

उदाहरणं हवी असतील तर १९७२ चं म्युनिक ऑलिम्पिक बघा, ओल्गा कॉर्बट. १७ वर्षांची, चिमुकली, आणि फ्लोअरवर असली लाडिक खट्याळ की लोक वेडे झाले. ऑल-अराउंडला (सगळ्या प्रकारांचे मार्क एकत्र धरतात ती स्पर्धा) बारवर गडबड झाली तेव्हा ढसाढसा रडली तीही जगाने बघितली, आणि मग बीम आणि फ्लोअरचं गोल्ड घेऊन गेली. त्याआधी बायकांचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे शांत गंभीर बॅलेसारखं काहीतरी अशी समजूत होती, या पोरीने ती मोडली. मग १९८५ ची मॉंट्रियलची वर्ल्ड चॅम्पियनशिप, ओक्साना ओमेल्यान्चिक, पक्ष्यांच्या किलबिलाटासारखं म्युझिक आणि त्यावर चिमणीसारखी मान उडवत टुणटुण फिरणारी पोरगी, फ्लोअरचं गोल्ड तिलाच. यात जोक असा एकही नाही. पण बघणारा माणूस हसत असतो, आणि पोरीची एकही उडी त्यासाठी ढिली झालेली नसते. तुमच्या मुलीसाठी मी पहिला हाच व्हिडिओ दाखवेन.

दुसरा प्रकार अमेरिकेतल्या कॉलेजचा. तिथे अजून १० पैकी मार्क देतात आणि ऑलिम्पिकसारखी अवघड टम्बलिंगची (सलग कोलांट्या-उड्यांची) चढाओढ नसते त्यामुळे नाचायला दम आणि वेळ दोन्ही उरतो. २०१६ मध्ये युसीएलए या कॉलेजच्या सोफिना डीजीझसने हिपहॉपच्या स्टेप्स घालून जे केलं ते तुफान फिरलं होतं, ९.९२५ मिळाले. आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच टीमच्या केटलिन ओहाशीचं अ‍ॅनाहाइममधलं रुटीन तर तुम्ही बघितलंच असेल, पूर्ण १०. त्यात ओहाशीबरोबर कडेला उभ्या असलेल्या टीममेट्सकडे बघा, सगळ्या तिच्या स्टेप्स तिच्याबरोबर करतायत. हॉल हसतो तो निम्मा त्यांच्यामुळे. एकट्या पोरीने रिकाम्या शांत हॉलमध्ये तेच केलं तर ते ओकंबोकं वाटेल, हे लक्षात घ्या, कारण क्लबच्या स्पर्धेत साधारण चार बाजूंना चार प्रकार चालू असतात आणि तुमच्या मुलीकडे बघणारे तुम्ही, कोच आणि जज एवढेच.

मोठ्या स्पर्धांमध्ये हे कमी का दिसतं तर साधं कारण आहे, श्वास. अवघडपणाचा स्कोअर वेगळा मोजतात, ८ सगळ्यात मोठे एलिमेंट (एकेक उडी, गिरकी वगैरे) धरतात, टम्बलिंगच्या तीन-चार रांगा मारायच्या, आणि दोन रांगांच्या मधे जी कोपऱ्यातली सेकंदं मिळतात त्यात बिचारीला दम खायचा असतो, चेहऱ्याचे हावभाव कसले करता. तिथली गंमत मग दुसरीकडून येते. सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये लिओटार्डवर (जिम्नॅस्टच्या अंगाबरोबरच्या पोशाखावर) चमकत्या खड्यांची बकरी लावून घेतली होती, कारण तिला सगळे सर्वकाळची श्रेष्ठ म्हणतात आणि इंग्रजीत त्या शब्दांची आद्याक्षरं जोडली की गोट, म्हणजे बकरी होते. एक शब्द न बोलता केलेला विनोद, आणि शून्य डिडक्शन, म्हणजे एकही मार्क कापला नाही!

ठरवून न केलेले विनोद तर याहून भारी. १९७६ ला मॉंट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला ऑलिम्पिकमधला पहिला १० मिळाला आणि बोर्डावर १.०० दिसलं, कारण बोर्डाला १०.०० दाखवताच येत नव्हतं. २०१२ ला लंडनमध्ये व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून उडी मारायचा प्रकार) सिल्व्हर घेताना मकेला मरोनीने जे ओठ मुरडले त्या चेहऱ्याची एवढी चेष्टा झाली की वर्ष संपायच्या आत ओबामांनी तिच्याबरोबर तोच चेहरा करून फोटो काढला. आणि पॅरिस २०२४ चा तो चष्मेवाला पोमेल हॉर्सवाला (दोन कड्या असलेल्या घोड्यावर हातांवर फिरायचा पुरुषांचा प्रकार), स्टीफन नेडोरोसिक, तासन्‌तास डोळे मिटून बसलेला, शेवटी चष्मा काढून उठला, आपलं काम चोख केलं आणि टीमला ब्रॉन्झ मिळालं. यातल्या कोणीच हसवायला काही केलं नव्हतं.

आता खरी विनोदी रुटीन्स, म्हणजे प्रदर्शनातली. इथे सगळं उलटं आहे, इथे चुकाच करायच्या असतात, आणि माझा सगळ्यात आवडता विषय हाच आहे. अमेरिकेतल्या पॉल हंटचे १९८० च्या दशकातले व्हिडिओ शोधा. पुरुष, तगडा जिम्नॅस्ट, बायकांचा लिओटार्ड घालून फ्लोअर, बीम, अनईव्हन बार्स (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या) सगळ्याची नक्कल करतो. आज काही जणांना ते जुनाट वाटतं, बायकांची टिंगल वाटते, आणि ते म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. पण तो नक्कल करतो ती नखऱ्यांची, ते मनगट मुरडणं, उडीच्या आधीचा तो पवित्र चेहरा, आणि मधेच एकदम अशी कडक टम्बलिंग मारतो की हसणारा माणूस गप्प होतो. टम्बलिंग कच्ची असती तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता.

त्याच्याही आधीचा लॅरी ग्रिसवोल्ड. हा जॉर्ज निसनबरोबर १९३० च्या दशकात आयोवात ट्रॅम्पोलिन बनवणारा माणूस, म्हणजे ज्याने यंत्र बनवलं त्यानेच त्याच्यावर विदूषकगिरी केली. उंच डायव्हिंग बोर्डावर तर्र झालेल्या माणसासारखा चढतो, घसरतो, खाली ट्रॅम्पोलिनवर पडतो आणि उसळून परत बोर्डावर! फ्रॅंक सिनात्राच्या टीव्ही शोमधला १९५१ चा त्याचा प्रयोग आजही बघायला मिळतो. प्रत्येक पडणं इंचात मोजलेलं आहे. सगळी सोंगं आणता येतात, तोलाचं सोंग आणता येत नाही, ते इथे कळतं.

आणि स्पर्धेतच विनोद करणारे बघायचे असतील तर जपान. तिथे मुलांची रिदमिक जिम्नॅस्टिक्स असते, सहा जणांची टीम, हातात काही साहित्य नाही, स्प्रिंगच्या फ्लोअरवर कोलांट्या आणि एकसाथ हालचाली. कागोशिमा जित्सुग्यो नावाच्या शाळेची टीम शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दरवर्षी धमाल विनोदी रुटीन घेऊन येते, लोकप्रिय गाणी, गंभीर चेहरे आणि मधेच भलतंच काहीतरी. माझ्या मते स्पर्धेतल्या विनोदाचा यापेक्षा चांगला नमुना नाही, कारण सहाच्या सहा जण एकाच क्षणी तो वेडेपणा करतात. एकाने केलं तर चूक दिसते, सहांनी एकदम केलं की कोणालाच शंका राहत नाही की हे ठरवलेलं आहे. एकट्या पोरीलाही हे वापरता येतं, गमतीची हालचाल म्युझिकच्या ठोक्यावर बरोब्बर बसवायची आणि एकदा नाही, दोनदा करायची. दुसऱ्यांदा आली की जजलाही कळतं.

गालाबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. आम्ही तिघांनी पॅरलल बारवर (दोन समांतर दांड्यांवर) एक धमाल बसवली होती, एक जण चढायचा, दुसरा पडायचा, तिसरा त्याला उचलायला जाऊन स्वतःच अडकायचा. एका प्रयोगात पडणारा मित्र खरंच वाईट पडला, मनगटावर. लोक टाळ्या वाजवतायत, आम्ही दोघं पुढचं नाटक चालू ठेवलंय, आणि तो खाली वळवळतोय, आम्हाला वाटलं आज गडी काय रंगात आलाय. किमान दहा सेकंद गेली असतील. मनगट मोडलं होतं. तेव्हापासून आमचा नियम, खरं लागलं तर एक हात सरळ वर आणि आपल्या खऱ्या नावाने हाक, आणि तो हात नाटकात दुसऱ्या कशासाठीही वर जाणार नाही. मॅट नेहमीच्या दुप्पट, आणि स्पॉटर (पडताना सावरायला बाजूला उभा असतो तो) एक असा हवा जो नाटकात नाही. मुलगी पुढे कधी गालात असलं करणार असेल तर हे आधी ठरवा, जोक मागाहून.

बरं, आता तुमच्या मुलीचं. टम्बलिंगला हात लावायचा नाही, तिथे चेहरा सरळ, पाय सरळ. गंमत ठेवायची ती सुरुवातीच्या पोजमध्ये, कोपऱ्यात वळताना, आणि शेवटच्या पोजमध्ये, कारण या तीन जागी ती स्थिर असते आणि काही बिघडायची शक्यता कमी. पात्र एकच घ्या, खोडकर मांजर घ्या, झोपाळू माणूस घ्या, पण मांजर मधेच रोबो झालं की गेलं. उडीच्या आधी कधीच हसवायचं नाही, स्वतःलाच हसू आलं की पोट ढिलं पडतं आणि पोट ढिलं तर लँडिंग गेलं, हे मी डझनभर पोरींमध्ये बघितलंय. आणि तालीम आवाज बंद करून शूट करा, रुटीन माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखवा. तो म्हणाला की इथे ती चुकली का, तर तेवढा तुकडा काढून टाका, कितीही आवडता असला तरी.

कोचशी बोलताना विनोदी रुटीन हा शब्दच वापरू नका, त्यांच्या डोळ्यासमोर पडापडी येते. म्हणा की शेवटच्या टम्बलिंगनंतर तिला चार सेकंद आणि एक पोज हवी आहे. तेवढं बहुतेक देतील. दिलं की मांजरीचा पंजा तिथून आत घुसवा.