रॉकेटच्या फील्डमध्ये केमिस्ट्रीवाल्यांना जागा असते का?

प्रश्न: मुलीला लहानपणापासून रॉकेटचं वेड आहे. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, आता केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करतेय. नातेवाईक म्हणतात आता रॉकेट विसर. खरंच तसं आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर: अजिबात नाही ताई! नातेवाइकांना रॉकेट आणि सॅटेलाइटच्या इंजिनांवर काम केलेल्या शास्त्रज्ञ यव्हॉन ब्रिल यांच्याबद्दल सांगा. जन्म १९२४ चा, कॅनडातल्या विनिपेगजवळचा. त्यांनाही इंजिनिअरिंगच करायचं होतं पण मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत त्या कोर्सला बाहेर कॅम्प असायचा, तिथे मुलींच्या राहण्याची सोय नाही म्हणून प्रवेशच दिला नाही. मग गणित आणि केमिस्ट्री घेतली, १९४५ ला डिग्री, आणि देश सोडून थेट कॅलिफोर्नियात डग्लस एअरक्राफ्टमध्ये नोकरी. तिकडे रॉकेटच्या इंधनांची आकडेमोड करता करता १९५१ ला केमिस्ट्रीत मास्टर्सही केलं.

त्यांचं मोठं काम म्हणजे हायड्राझिन नावाच्या द्रव इंधनावर चालणारा थ्रस्टर, म्हणजे सॅटेलाइटला हलके धक्के देणारं छोटं इंजिन. सॅटेलाइट वर पोचला म्हणजे झालं असं नसतं, चंद्र-सूर्याच्या ओढीने तो सरकत राहतो, मग छोटे छोटे धक्के देऊन जागेवर आणावा लागतो आणि ते इंधन संपलं की बाकी सगळं ठणठणीत असूनही तो फार दिवस कामाचा राहत नाही. हायड्राझिन कॅटॅलिस्टवरून (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावरून) गेलं की त्याचं विघटन होतं, अमोनिया, नायट्रोजन, हायड्रोजन असे तापलेले वायू होतात. ब्रिलबाईंनी काय केलं, ते वायू बाहेर पडायच्या आधी विजेच्या हीटरने आणखी तापवायचे, म्हणजे ते जास्त वेगाने सुटतात आणि तेवढ्याच इंधनात जास्त काम होतं, वीज काय सोलर पॅनेलवर मिळतेच. किती साधं आणि किती सुंदर! कल्पना १९६७ ची, पेटंट १९७४ ला मिळालं.

आणि हे सगळं चाळिशीनंतरचं बरं का, त्याआधी तीन मुलं लहान होती तेव्हा काही वर्षं फक्त पार्ट टाइम कन्सल्टिंग केलं होतं. २०११ ला ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय मेडल मिळालं. तरी २०१३ ला त्या गेल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या स्वयंपाकाच्या कौतुकाने केली, लोक इतके चिडले की ती ओळ बदलावी लागली. मला अजून राग येतो त्याचा.

तर मुलीला थर्मोडायनामिक्स आणि फिजिकल केमिस्ट्री पक्की करू दे, एमएस्सी करू दे. आपल्या पुण्यातच डीआरडीओची एचईएमआरएल लॅब आहे, तिथे रॉकेटच्या इंधनावर काम चालतं, त्यांच्या जागांच्या जाहिरातींवर आत्तापासून लक्ष ठेवा.