दुसऱ्या होडीला खूण

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच शब्द फिरून फिरून येतो आहे : समृद्धी. देव ती देतो का, कुणाला देतो, कशाच्या बदल्यात देतो. त्यांतली पाच पत्रं आज घेतो आहे. पहिल्या पत्रावर थोडा जास्त थांबणार आहे.

प्रश्न : सलाम, पाळकसाहेब. माझी लहान होडी आहे, मी आणि मुलगा मिळून जातो. तीन हंगाम हात रिकामेच. एका प्रार्थनासभेत प्रवचनकारांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला आणि म्हणाले, पुढे येशूचा शिष्य झालेल्या पेत्र कोळ्याची होडी भरली तशी तुझीही भरेल, पण आधी विश्वासाचं बी म्हणून देणगी पेर. खरंच भरेल का? – मालवण

उत्तर : भाऊ, सलाम. तो अध्याय घरी पुन्हा उघडा आणि अकराव्या वचनापर्यंत वाचा. सांगणारे बहुतेकदा सहाव्यालाच थांबतात.

रात्रभर राबून काही लागलं नाही आणि सकाळी माणसं जाळी धूत बसली आहेत, हे चित्र मी तुम्हाला काय समजावणार? येशू पेत्राकडे होडी मागतो, ती लोकांशी बोलायला बसण्यासाठी. पैसे मागत नाही. मग जाळं सोडायला सांगतो आणि मासळी एवढी लागते की जाळं फाटू लागतं. आता सातवं वचन. पेत्र दुसऱ्या होडीतल्या साथीदारांना खुणावतो, या, मदत करा. ते येतात, दोन्ही होड्या भरतात. ती खूण केली नसती तर जाळंही गेलं असतं आणि मासळीही. दहाव्या वचनात या साथीदारांसाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याच्याच कुळातून ‘कोइनोनिया’ आला, ज्याला आपण मंडळीत ‘सहभागिता’ म्हणतो. सहभागितेचं पहिलं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं ते हेच, एका जाळ्याला हात घातलेल्या दोन होड्या.

आणि अकरावं वचन : होड्या किनाऱ्याला लावून, सगळं सोडून ते येशूच्या मागे गेले. आयुष्यातला सगळ्यात मोठा माल वाळूत राहिला. ज्या अध्यायावरून तुम्हाला मासळीचं वचन दिलं गेलं, त्या अध्यायाचा शेवट मासळी मागे टाकण्यात होतो.

पेत्र कोणी मोठा आसामी होता असंही समजू नका. 1986 साली दुष्काळात गालील सरोवराचं पाणी खाली गेलं, तेव्हा चिखलात साधारण त्याच काळातली एक होडी सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तिला दहाहून अधिक जातींचं लाकूड लागलेलं होतं. मिळेल तो तुकडा लावून कोणीतरी ती वर्षानुवर्षं चालवली होती. कुठली फळी कधी बदलली, हे होडीच्या मालकाला किती पाठ असतं, हे तुम्ही जाणता. येशूच्या भोवतीची माणसं अशा होड्यांतली होती.

तुमचे तीन हंगाम रिकामे गेले ते विश्वास कमी पडला म्हणून, असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि समुद्रात दिवे पेटवून केलेल्या मासेमारीने छोट्या होडीच्या वाट्याला काय उरतं, हे किनाऱ्यावर सगळ्यांना दिसतं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. ती पाळली जावी म्हणून भांडणं हेही प्रार्थनेइतकंच पवित्र काम आहे असं मी मानतो. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं याकोबाच्या पत्रात आहे. आपल्याकडची रापण आठवा, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. मला समृद्धीचा अर्थ सांगायला कोणी उभं केलं, तर मी लूकचा पाचवा अध्याय वाचीन आणि मग लोकांना रापण दाखवायला नेईन.

देणगी पेरू नका. ते पैसे जाळ्याच्या दुरुस्तीला लावा.

प्रश्न : मी रत्नागिरीत एका दवाखान्यात काम करते, पगार बेताचा. मोबाइलवर ज्यांची प्रवचनं ऐकते त्यांना दर महिन्याला दशांश आणि वर ‘बियाणं’ म्हणून रक्कम पाठवते. या महिन्यात त्यामुळे आईची औषधं अर्धीच घेतली. पाठवलं नाही तर बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात सांगितलेला शाप लागेल, अशी भीती वाटते. – एक बहीण

उत्तर : मुली, आधी उठून आईची उरलेली औषधं घेऊन ये. मग पुढचं वाच.

मार्कचा सातवा अध्याय. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करून त्यांना मदत नाकारणाऱ्यांवर येशू किती कडक बोलला आहे, पाहा. त्याच्या लेखी आईचं औषध थांबवून वाहिलेलं अर्पण देवापर्यंत पोचतच नाही.

मलाखीबद्दल. तिसऱ्या अध्यायात ‘भांडारात दशांश आणा’ हे दहाव्या वचनात येतं. त्याच्या पाच वचनं आधी देव कोणाच्या विरोधात साक्ष देणार आहे? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि पोरके यांना छळणारे, परक्याचा हक्क मारणारे. तो दशांश धान्याचा होता, म्हणून तर भांडार. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14 वा अध्याय सांगतो की दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, देवसेवा करणारे लेवी, परके, पोरके आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. दशांशातून विधवेला जेवण मिळायचं. तुझी आई विधवा आहे की नाही मला माहीत नाही, पण तुझा दशांश तिच्या ताटातून जातो आहे.

‘बी पेरा, शंभरपट घ्या’ ही शिकवण विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फोफावली. ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने ती फार लोकप्रिय केली. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पेरणीचा दाखला दिला हे खरं, पण ती वर्गणी यरुशलेमच्या भुकेल्या भावंडांसाठी होती, आणि तिथेच त्याने लिहून ठेवलं की कोणी नाइलाजाने देऊ नये. भीतीने दिलेलं या ओळीत बसत नाही. दे जरूर, तुला आनंद होईल एवढं, आणि ज्याचं तोंड तुला दिसतं अशाला.

प्रश्न : 2021 च्या तौक्ते वादळात आमची हापूसची चाळीस झाडं पडली. शेजारच्या वाडीत काही झालं नाही. भिंतीवर ‘माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन लावलेलं आहे, पण त्याकडे बघवत नाही. आमचं काही चुकलं का? – देवगड

उत्तर : नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? हा प्रश्न येशूने स्वतःच विचारला आणि ‘नाही’ हे उत्तरही त्यानेच दिलं.

ते वचन भिंतीवरून काढू नका, पण यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय सगळा वाचा. ते घर, गाव, देऊळ गमावून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात सत्तर वर्षं सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि तोवर काय करा? घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं त्याचं हित पाहा. ‘हित’ या जागी मूळ हिब्रू शब्द आहे शालोम. आपण भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतो तो त्याचाच भाऊबंद. कलम लावून फळ धरायला किती वर्षं जातात, ते तुम्ही मला सांगाल. पडलेल्या जागी नवं कलम लावलं असेल, तर त्या वचनाचं पालन तुमच्याकडून झालेलं आहे.

प्रश्न : आम्ही हिंदू. दिवाळीत लक्ष्मीपूजन करतो. शेजारचं कुटुंब ख्रिस्ती आहे. तुम्ही देवाकडे धन मागता का, की ते पाप समजता? – वेंगुर्ला

उत्तर : मागतो, भाकर. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना तुमच्या शेजाऱ्यांना पाठ असेल. तिच्यात ‘माझी’ हा शब्द कुठेच नाही. धन पाप नाही. धनाचा लोभ सगळ्या वाईटाचं मूळ आहे, असं पौल लिहितो. तुम्ही नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधता. आपल्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक गावांतही पहिली कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. दाणा घरात येण्याआधी हात जोडायचे, एवढं आपल्या दोघांचं सारखंच आहे.

प्रश्न : वडिलोपार्जित जमीन रिसॉर्टवाल्यांना विकली. आम्हा दोघा भावांना अपेक्षेपेक्षा खूप मोठी रक्कम मिळाली. हा देवाचा आशीर्वादच. घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची आहे, आपण यावं. – दापोली तालुका

उत्तर : निमंत्रणाबद्दल आभारी आहे. पत्रात दोन भाऊ आहेत. बहिणी किती आहेत?

हे विचारतो, कारण कोकणात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे, ख्रिस्ती घरांतही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. कायद्याच्या कितीतरी आधी सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली म्हणतात ते बरोबर आहे. गणना, अध्याय 27.

रक्कम मोठी आहे म्हणून ती आशीर्वाद ठरत नाही, आणि मोठी आहे म्हणून पापही ठरत नाही. जक्कय या जकातदाराच्या घरी येशू उतरायला गेला तेव्हा जक्कय श्रीमंतच होता. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं, त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. पैशाने काय होऊ शकतं त्याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. वसईच्या कॅथलिक लोकांनी 1918 साली सहकारी पतसंस्था काढली. एकट्याचं तुटपुंजं एकत्र आलं आणि एकमेकांच्या अडीनडीला उभं राहिलं. आज ती मोठी बँक आहे. तुमच्या वाडीतही कोणाची होडी सावकाराकडे अडकली असेल, कोणाची मुलगी फीसाठी थांबली असेल. तुम्हाला नावं माहीत असतील.

प्रार्थना ठेवाच. बहिणींना आधी बोलवा, त्यांच्याशी बसून वाट्याचं ठरवा, कागद करा. तो झाला की तारीख कळवा. मी येतो.